परळचे हात, झुरिकचा रोबोट

पक्षाघातानंतर रोबोट चालायला शिकवतो, याचं तुम्हाला नवल वाटेल; पण त्यामागचं काम मुंबईत जुनं आहे. पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकात परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली. पाऊल पुन्हा पुन्हा टाकलं, की मेंदू चालणं नव्याने शिकतो. पण रुग्णाचे पाय हातांनी हलवताना थेरपिस्ट दमतात आणि सराव थांबतो. म्हणून २००० च्या सुमारास झुरिकमध्ये ‘लोकोमॅट’ आलं. ते पट्ट्यांनी वजन पेलून ट्रेडमिलवर शेकडो पावलं टाकून घेतं. स्वतः चालू न शकणाऱ्यांना पहिल्या तीन महिन्यांत, फिजिओथेरपीच्या जोडीने, त्याचा जास्त फायदा होतो. मात्र यंत्रासाठी थांबू नका. डॉक्टरांनी परवानगी देताच व्यायाम सुरू करा.