चेतकची मजुरी

जुनी बजाज चेतक दुरुस्त करून घ्यायचा आजचा खर्च ऐकला की घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, ‘एवढ्यात तेव्हा नवी गाडी आली असती.’ आकडे पाहिले तर ते खरंही असतं. महागाई वाढली, रुपया घसरला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो फरक बाजूला काढला तरी प्रश्न उरतो, की चेतकची दुरुस्ती मुळात इतकी स्वस्त झाली कशी आणि त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजत होतं? त्यासाठी चेतकच्या आधीपासून सुरुवात करावी लागते.

इटलीतल्या पोन्तेदेरा इथे पियाजिओ कंपनीनं १९४६ साली व्हेस्पा आणली. तिचा आराखडा केला कोर्रादिनो द’आस्कानियो या विमानं आणि हेलिकॉप्टरवर काम केलेल्या इंजिनिअरनं. त्यानं चेन काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाशी नेऊन बसवलं. वेगळी चासी न देता पत्र्याच्या बॉडीलाच सगळा भार पेलायला लावला. चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलेलं ठेवलं. पंक्चर झालं की नट सोडायचे, स्टेपनी चढवायची आणि निघायचं. दुरुस्तीच्या हिशेबात या आराखड्याचे दोन परिणाम झाले. इंजिन बाहेर काढणं सोपं झालं, म्हणून त्याची मजुरी कमी राहिली. आणि बॉडी हीच चासी असल्यानं पत्रा सडला की गाडीचा कणाच सडू लागला. पहिल्या परिणामाचा फायदा आपण बरीच वर्षं घेतला, दुसऱ्याचं बिल आत्ता येतं आहे.

भारतात बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशननं १९४८ पासून व्हेस्पा आयात करायला सुरुवात केली. हीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. १९५९ साली तिला दुचाकी आणि तीनचाकी बनवायचा सरकारी परवाना मिळाला, पियाजिओशी करार झाला आणि बजाज व्हेस्पा इथेच तयार होऊ लागली. १९७१ मध्ये करार संपला. १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली, पण आतली रचना व्हेस्पाचीच होती: १४५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल.

ते परवान्यांचं राज्य होतं. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हेही सरकार ठरवायचं. मागणी अफाट आणि गाड्या मोजक्या, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी कुणी सहजासहजी विकत नसे. ती वडिलांकडून मुलाकडे जाई आणि कितीही बिघडली तरी दुरुस्तच होई. शिवाय स्पर्धा फारशी नसल्यानं कंपनीला मॉडेल बदलायची घाई नव्हती. एकाच पद्धतीचं इंजिन, त्याच केबल आणि तोच कार्बोरेटर अनेक वर्षं लाखो गाड्यांमध्ये जात राहिला. एका गाडीवर हात बसलेल्या मिस्त्रीचा हात मग हजारो गाड्यांवर चालू लागला. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं भरलेली असत. नवा पार्ट परवडत नसेल तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात वापरलेला मिळे. अशा रीतीनं स्वस्ताईचे पहिले दोन आधार उभे राहिले, एक म्हणजे एकसारख्या गाड्यांची प्रचंड संख्या आणि दुसरा म्हणजे मुबलक पार्ट.

तिसरा आधार होता गॅरेजमधला पोरगा.

मिस्त्री तयार व्हायची सरकारी वाट १९५० पासून होती, ती आयटीआयची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं कारखान्यातल्या उमेदवाराला विद्यावेतनही मिळू लागलं. पण ती वाट कंपन्यांकडे जायची. कोपऱ्यावरच्या गॅरेजात माणूस तयार व्हायचा तो आठव्या-दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलातून. आधी पाने पुसायचे, चहा आणायचा, पार्ट रॉकेलमध्ये धुवायचे. मग प्लग साफ करायचा, पॉइंट घासायचा. काही वर्षांनी चाकाला हात लावायची परवानगी आणि त्यानंतर कधीतरी इंजिन. या काळात त्याला मिळे दोन वेळचं जेवण, वरखर्चाचे थोडे पैसे आणि चुकल्यावर मार. गाडीमालकाच्या बिलात त्या मुलाच्या तासांचा हिशेब कधीच नसे. पार्ट धुण्यात गेलेली त्याची दुपार आपल्याला फुकट मिळत होती. मजुरी कमी होती, कारण मजुरांपैकी एकाला मजुरीच मिळत नव्हती.

या कामात किती कसब लागतं हे एक साधी गिअर केबल बदलताना पाहिली तरी कळतं. ती हँडलमधून निघते, स्टिअरिंगच्या नळीतून उतरते, पायाखालच्या पत्र्याच्या पोकळीतून मागे जाते आणि इंजिनाजवळच्या गिअरच्या खटक्याला मिळते. मधली सगळी वाट बंद आहे, डोळ्यांना काही दिसत नाही. जाणता मिस्त्री जुनी केबल बाहेर काढायच्या आधीच नवी तिच्या टोकाला बांधतो आणि एकीकडून ओढत दुसरीकडून सोडत जातो. कुठे अडकली हे त्याला बोटांना लागलेल्या ताणावरून समजतं. मग गिअरच्या दोन्ही केबलचा ताण सारखा करायचा, म्हणजे मुठीवरचा न्यूट्रल आणि इंजिनातला न्यूट्रल एका जागी येतात. नवख्याच्या हातून जुनी केबल आधी निघाली की तेच काम अर्धा दिवस खातं.

बिलाचा आकडा सगळ्यात जास्त हलतो तो ‘हाफ इंजिन’ की ‘फुल इंजिन’ या निदानावर. हाफ इंजिन म्हणजे हेड, सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा एवढंच. फुल इंजिन म्हणजे केसिंग उघडून क्रँक, बेअरिंग, ऑइल सील सगळं बाहेर. गाडी फार पांढरा धूर ओकते, गिअर ऑइलही कमी होतं, तर क्लचकडचं सील गेलेलं असण्याचा संशय घ्यायचा, कारण इंजिन तिथून गिअर ऑइल ओढून जाळतं. मॅग्नेटकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. हे न खोलता ओळखणारा माणूस तुमचे पैसे वाचवतो. न ओळखणारा आधी पिस्टन बदलतो आणि महिनाभरानं तेच इंजिन पुन्हा खोलतो.

त्यात सिलिंडरलाही आयुष्य असतं. घासला की तो लेथवाल्याकडे नेऊन बोअर करायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाईज पिस्टन टाकायचा. दर वेळी आतला धातू थोडा कमी होतो आणि शेवटी माप संपतं. आज गॅरेजात येणाऱ्या कितीतरी चेतक या शेवटच्या मापावर उभ्या आहेत. आधीच्या प्रत्येक स्वस्त दुरुस्तीनं सिलिंडरचं थोडं आयुष्य खर्च केलेलं असतं आणि अखेरचं बिल आजच्या मालकाच्या हातात येतं.

स्वस्ताईचे आधार कोसळले तेही एकामागून एक. १९८४ साली कायनेटिक होंडा बटणावर सुरू होणारी बिनगिअरची स्कूटर घेऊन आली. मग लोक मोटरसायकलींकडे वळले. २००० नंतर धुराचे नियम आणखी कडक होऊ लागले आणि टू-स्ट्रोकची पंचाईत झाली. त्या दशकाच्या मध्यात चेतक बंद झाली आणि २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. २०२० साली त्याच नावानं आलेली गाडी विजेवर चालते, तिचा एकही पार्ट जुनीला बसत नाही. संख्या ओसरली तसे पार्टही आटले. ओरिजिनल मिळणं दुर्मीळ, आणि लोकल बसवलेला किती दिवस टिकेल याची खात्री मिस्त्रीही देत नाही.

तिसरा आधार निघाला तो मात्र फार उशिरा निघाला. १९८६ च्या बालकामगार कायद्यानं धोक्याच्या कामांतून मुलांना दूर ठेवायला सुरुवात केली, पुढे त्या यादीत गॅरेजंही आली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायलाच बंदी आली. तो मुलगा शाळेत गेला ही याच इतिहासातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पण रीतसर पगार देऊन त्याच्या जागी कुणाला शिकवायची सोय आपण केली नाही. म्हणून टू-स्ट्रोक जाणणारे मिस्त्री आज वयस्कर आहेत आणि बऱ्याच जणांच्या हाताखाली शिकायला कुणी नाही.

आता बिलाचा मोठा भाग बॉडीकडे सरकला आहे. पायाखालच्या रबरी पट्ट्यांच्या फटीत पाणी साचतं आणि फ्लोअर खालून सडत येतो. सडका पत्रा कापायचा, नवा वाकवून जोडायचा, हातोडीनं सरळ करायचा, त्यावर लांबी, घासकाम, प्रायमर आणि शेवटी रंग. लांबीचा जाड थर देऊन गंज झाकणारा डेंटर स्वस्तात काम करून देतो, आणि पावसाळा संपता संपता रंगाखालून फुगे येतात. पत्रा बदलणारा जास्त पैसे घेतो, कारण त्याच्या कामाचे दिवस खरोखर जास्त असतात.

दरम्यान सरकारच्या लेखीही या गाडीचं वय झालं. २०२१ च्या जुलैत आलेल्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि रोजच्या वापराला मनाई. म्हणजे १९७२ ची चेतक २०२२ मध्येच विंटेज होण्याच्या वयाला पोचली. रोज वापरायची असेल तर नेहमीचंच फेरनोंदणीचं दार, आणि तिथलंही दुचाकीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपयांवर गेलं होतं.

हा सगळा माग काढल्यावर मला आजचं बिल महाग वाटत नाही. जुना दर उभा होता परवानाराजनं लादलेल्या एकसारखेपणावर आणि एका लहान मुलाच्या फुकटच्या श्रमांवर. ते दोन्ही गेले, आणि जाणत्या माणसाच्या एका दिवसाचं मोल पहिल्यांदाच जवळपास पूर्ण दिसू लागलं. म्हणून चेतक राखणाऱ्यांना माझं सांगणं आहे: काम सुरू व्हायच्या आधी पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, काढलेले जुने पार्ट परत मागा, पार्टच्या किमतीत हवी तेवढी घासाघीस करा. मजुरीत करू नका. उलट मिस्त्रीनं एखादा सज्ञान, शिकाऊ पोरगा पगारावर ठेवला असेल, तर त्याचाही रोज बिलात धरायला सांगा आणि तो द्या. पुढच्या वीस वर्षांत बंद नळीतून गिअर केबल ओढणारा हात आपल्याला हवा असेल, तर त्या हाताचं शिकणं कुणाला तरी विकत घ्यावं लागणार आहे, आणि ते गाडीच्या मालकानंच घ्यायला हवं.