कॅमेरा ट्रॅप व काळविटांची पाहणी

वन्यप्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे, झाडाला किंवा खुंट्याला बांधायचे उपकरण. अंगाची उष्णता व हालचाल जाणवली की त्यातील अवरक्त संवेदक कॅमेरा चालू करतो. छायाचित्रावर तारीख-वेळ उमटते. अमेरिकेत शिकारीच्या हंगामाआधी हरणांच्या वाटा हेरण्यासाठी तो सर्रास वापरतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणांची शिकार हा गुन्हा असल्याने त्याचे काम पाहणीचे व राखणीचे आहे, आणि ते अधिक मोलाचे आहे.

नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यातील ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी प्रसिद्ध आहे. काळवीट कुरंगवर्गीय; त्याची पिळदार शिंगे चितळ-सांबरासारखी दरवर्षी गळत नाहीत, त्यामुळे प्रौढ नर बारमाही ओळखू येतो. एप्रिल-मेमध्ये माळ करपला की कळप पाणवठ्यांवर येतात. कॅमेऱ्याची जागा तीच. तो साधारण गुडघ्याच्या उंचीवर, उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड न करता बांधावा. समोरचे गवत कापणे आवश्यक. नाहीतर तापलेल्या वाऱ्यात डोलणाऱ्या काड्यांचीच शेकडो छायाचित्रे मिळतात.

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून प्रगणना करण्याची प्रथा आहे. काळवीट मात्र मुख्यतः दिवसा वावरतो, म्हणून दिवसरात्र जागा राहणारा कॅमेरा येथे विशेष उपयोगी. मर्यादा एकच, पण मोठी: चितळाच्या ठिपक्यांसारखी वैयक्तिक खूण काळविटाच्या मादीवर नसते. एकच मादी अनेकदा टिपली जाते. छायाचित्रांची संख्या प्राण्यांची संख्या मानू नये.