पॅकिंगखालचे पाणी

सोलापूर जिल्ह्यात इंजिनातल्या पाण्याशी झुंज सुरू झाली ती मोटारीत नव्हे, विहिरीच्या काठावर.

1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढच्या काही दशकांत विहिरीवरच्या मोटेची जागा डिझेल इंजिन घेत गेले. साताऱ्याच्या कूपरची आणि विलायती लिस्टर, पीटर, रस्टन ही इंजिने त्याआधीपासून होतीच. विहिरीवरच्या अशा इंजिनाला बहुधा रेडिएटर नसे. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक फाटा काढून तो ब्लॉकला जोडायचा. पाणी ब्लॉकमधून हेडमध्ये चढायचे आणि तापून पाटात पडायचे. सोय सोपी आणि स्वस्त, पण विहिरीचे पाणी जड. तापले की त्यातला क्षार आतल्या भिंतींवर बसे, थरावर थर चढे, पाण्याची वाट अरुंद होई. त्यात 1972 सारखा दुष्काळ पडला आणि विहिरीने तळ गाठला, की पंप हवा ओढू लागे; शेताचे पाणी थांबे त्याच क्षणी इंजिनाचेही थांबे. हेड तापून वाकडे होई आणि खालचे पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, उडे. मिस्त्री आधी ऑइलची पट्टी ओढून बघत. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी आत शिरले, हे सांगायला दुसरे काही लागत नसे.

ज्या वाटा क्षाराने बुजतात त्या घडवण्याचे कामही सोलापुरातच चालते. होटगी रस्त्यावरची पूर्वीची शिवाजी वर्क्स, आताची किर्लोस्कर फेरस, इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतते. साच्यात वाळूचे गाभे बसवून भोवती लोखंडाचा रस ओततात. नंतर वाळू झटकली की उरलेल्या पोकळीतून पुढे पाणी खेळते. इतक्या निगुतीने राखलेली पोकळी जड पाण्यामुळे काही हंगामांत भरून जावी, याची हळहळ वाटते.

तयार पॅकिंग तालुक्याला मिळेलच असे नसे, तेव्हा ते हातानेच कापले जाई. पाण्याच्या लहान जोडांसाठी कागदी किंवा कॉर्कचा शीट घ्यायचा, तो लोखंडाच्या तोंडावर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जायचे. धातूची धारच शीट कापते. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका दिला की गोल चकती सुटून पडते. कागद सरकू द्यायचा नाही, एवढीच अट. आणि तीच अवघड. हेडच्या पॅकिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन जीवघेणे आजार होतात. ज्यांनी ती जुनी पॅकिंगे उघड्या हातांनी खरवडली, त्यांच्या आरोग्याची पुरेशी काळजी कुणी घेतली नाही, हे या धंद्याच्या इतिहासात लिहिले गेलेच पाहिजे.

पुणे-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकचालकांचा उपाय वेगळा होता: हळद. रेडिएटर गळू लागला की मूठभर हळद पाण्यात टाकायची. ती फुगून बारीक भोकात अडकते आणि गाडी मुक्कामाला पोचते. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. त्यामुळे पुढच्या गावी रेडिएटर उतरवून, धुऊन, कथलाचा डाग द्यावाच लागे.

या काळात इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडातून, पाणी गळण्याची तक्रार फारशी नव्हती, कारण डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून सहसा फक्त हवा जाते. ती तक्रार 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती 800 बरोबर गावोगावी पोचली. तिच्या 796 सीसीच्या इंजिनात कार्बोरेटरखालच्या मॅनिफोल्डला इंजिनाचे गरम पाणी दिलेले होते. थंडीत पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटू नयेत, त्याची नीट वाफ व्हावी, यासाठी. ही गाडी मुळात घडवणाऱ्या सुझुकीच्या मुलखात, जपानात, ही गरज खरी. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तिचा उपयोग नावापुरता. गळतीची जागा मात्र एक वाढली.

त्यातच हेड ॲल्युमिनियमचे. कूलंटऐवजी बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतले की पाण्याच्या भोकाभोवतीचा धातू खाल्ला जातो, खड्डे पडतात आणि पॅकिंगला टेकायला सपाट जागाच उरत नाही. पाणी बाहेर आले तर जोडाखाली पांढरे ओघळ दिसतात. आत शिरले तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, एक सिलिंडर मिस मारतो आणि बाहेर थेंबही न सांडता रेडिएटर रिकामा होतो. नुसते पॅकिंग बदलून दिले तर ते काही महिन्यांत पुन्हा गळते. जाणता मिस्त्री आधी पट्टी लावून तोंड तपासतो, खड्डे आर्गन वेल्डिंगने भरून घेतो, फेस मारून आणतो, मगच नवे पॅकिंग बसवतो. बोल्ट मधून कडेला, आळीपाळीने आणि टप्प्याटप्प्याने आवळतो. शेवटी सगळी पाण्याची वाट धुऊन कूलंट भरतो. खर्च वाढतो म्हणून गाडीमालक अनेकदा या शेवटच्या पायरीला नको म्हणतात, आणि नेमकी तीच टाळू नये.

हे दुखणे एकट्या जड पाण्याचे नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या व्ही-6 इंजिनांत नायलॉनच्या चौकटीची मॅनिफोल्ड पॅकिंगे गळू लागली. कंपनीच्या डेक्स-कूल या कूलंटवरही बोट ठेवले गेले. खटले चालले आणि 2008 मध्ये ग्राहकांशी तडजोड झाली. तिथे कूलंट कारखान्यातूनच भरून आला होता, तरी जोड टिकला नाही.

इकडे पुढे कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले आणि नव्या छोट्या गाड्यांत प्लास्टिकचे मॅनिफोल्ड बसू लागले. 800 चे उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबले. नव्या गाड्यांत गळती मिळते ती बहुधा वॉटर पंपाला, होसला किंवा प्लास्टिकच्या थर्मोस्टॅट हाउसिंगला, आणि तिथे खरवडून फेस मारण्याजोगे काही नसते. तो भागच बदलावा लागतो.