झुरळ आणि साखरेची सुरी

झुरळांच्या पारिपत्याचा इतिहास सांगताना विषांची नावे आवर्जून सांगितली जातात. ज्या गोडाच्या पोटातून ते विष चारले गेले, त्या गोडाची दखल मात्र क्वचितच कोणी घेतो. आपल्याकडे कणकेत साखर आणि बोरिक पावडर कालवून गोळ्या ठेवण्याचा परिपाठ आहे. त्यातही सारा भरवसा बोरिक पावडरीवर. साखर बिचारी नुसती मध्यस्थ. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते या मध्यस्थाविषयी. कारण अमेरिकेत एकदा दगा दिला तो विषाने नव्हे, या मध्यस्थाने.

प्रथम शत्रूचे कुळ पाहू. स्वयंपाकघरात आढळणाऱ्या लहान, तांबूस-पिवळट झुरळाला लिनियसने १७६७ साली ‘जर्मन’ हे नाव चिकटवले. रशियन लोक त्यालाच ‘प्रशियन’ म्हणत, आणि काही जर्मन ‘रशियन’! नकोसा पाहुणा नेहमी शेजाऱ्याकडूनच आलेला असतो. पुढे २०२४ साली सतरा देशांतील २८१ झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा हे कुळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा ब्रह्मदेशात, उघड्यावर राहणाऱ्या आशियाई झुरळापासून फुटून निघाले असे दिसले. ज्याला आपण परका म्हणत होतो तो निघाला आपल्याच परसातला. एकदा माणसाच्या घरात शिरल्यावर माणसाचे खरकटे हेच त्याचे शेत झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरडेन नावाचे औषध फवारले की झुरळे पटापट मरत. १९५२ साली टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्ती येथे ती मरेनाशी झाली. मग दुसरे औषध, मग तिसरे. १९८० नंतरच्या दशकात आमिषाची युक्ती जोरात पुढे आली. हायड्रामेथिलनॉन हे मंद विष गोड खाद्यात मिसळून लहानशा डब्यांतून कोपऱ्यात ठेवावयाचे. विष मंद असण्यातच खुबी होती. खाऊन गेलेले झुरळ आपल्या फटीत परतून काही दिवसांनी मरावयाचे, आणि त्याची विष्ठा खाणारी पिल्लेही त्याच वाटेने जावयाची. गुळाने मरतो त्याला विष कशाला, असे आपण म्हणतो. येथे गुळावाचून विषाची मात्राच चालत नव्हती.

काही वर्षे हे उत्तम चालले. पुढे फ्लोरिडात डबे भरलेले आणि झुरळे धडधाकट, असा प्रकार दिसू लागला. पूर्वीचा अनुभव पाहता कोणीही म्हणाला असता, की झुरळांना विष पचू लागले. आमिषे बनविणाऱ्या एका कंपनीच्या सेवेतील कीटकशास्त्रज्ञ ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी तसे गृहीत धरले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. त्यांनी आमिषातले घटक निरनिराळे करून झुरळांपुढे ठेवले. झुरळे मागे सरली ती द्राक्षशर्करेपासून, म्हणजे ग्लुकोजपासून! फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, ती पूर्वीसारखीच खात होती. ही नावड शिकलेली नसून आनुवंशिक आहे, आणि मुख्यतः एका जनुकावाटे पुढच्या पिढीत उतरते, हे १९९३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना गोड रुचत होते ती गोड खाऊन मेली. एखाद्या तऱ्हेवाईक झुरळाला ते रुचत नव्हते, त्याचा वंश वाढला.

पण गोड ते कडू कसे लागावे? उत्तर २०१३ साली वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि शाल यांनी दिले. झुरळाच्या तोंडाजवळील बारीक केसांत गोड ओळखणारी आणि कडू ओळखणारी मज्जापेशी वेगळी असते. या वंशात ग्लुकोजने कडूची पेशी चेतवली जाते आणि गोडाची दबते. रुची म्हणजे मनाची लहर असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हा शोध फार विलक्षण वाटतो.

या सुटकेची किंमत झुरळांना संसारात मोजावी लागली. नर आपल्या पाठीवरील ग्रंथींचा गोड स्राव मादीपुढे करतो. तो चाखण्यासाठी ती पाठीवर चढली की समागम जुळतो. त्या स्रावातील माल्टोजचे मादीच्या लाळेने ग्लुकोज होते, आणि ग्लुकोजद्वेष्टी मादी अर्ध्यावरच उतरून चालती होते! ही हकीकत २०२२ सालची. पुढे असेही आढळले, की त्या वंशातील नरांच्या स्रावात सावकाश फुटणारी माल्टोट्रायोज शर्करा अधिक असते, आणि मादीला कडवट चव लागण्यापूर्वीच ते कार्यभाग उरकतात.

हे ऐकून कोणाला हसू येईल. पण १९९७ साली अमेरिकेतील आठ शहरांच्या गरीब वस्त्यांतील ४७६ दमेकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत ३६.८ टक्के मुलांना झुरळांच्या अंशांचे वावडे आढळले. त्यांपैकी ज्यांच्या निजावयाच्या खोलीतही ते अंश फार होते, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात अधिक वेळा न्यावे लागले होते. आमिष फसले की त्याचा भार या मुलांच्या छातीवर पडतो. आमिषवाल्यांनी ग्लुकोज वगळून पाहिले, दुसऱ्या शर्करा घातल्या. २००४ साली सिनसिनाटीच्या झुरळांत फ्रुक्टोज, माल्टोज, साधी साखर, इतकेच काय पण आमिष घट्ट करणारा आगर, यांचीही नावड नोंदली गेली.