चोपन्न मिनिटांचा अस्सल कागद

बखर आणि अस्सल कागद यांतला भेद इतिहासाच्या अभ्यासकाला पहिल्या धड्यातच शिकवतात. बखर मागाहून, आठवणीने आणि बहुधा कुणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाते. कागद त्या दिवशीच, त्या दिवसाच्या कामापुरता होतो. गेली काही वर्षे मी ज्या एका कागदाकडे पुन्हापुन्हा वळतो, तो शाईने लिहिलेला नाही. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री लंडनच्या रेनबो नाट्यगृहात ‘रामोन्स’ या अमेरिकन पंक वाद्यवृंदाने केलेल्या कार्यक्रमाचे ते ध्वनिमुद्रण आहे. माझे कान ख्यालावर पोसलेले. पहिल्यांदा ऐकताना दहाव्या मिनिटाला मी यंत्र बंद केले होते, हे आधीच कबूल केलेले बरे.

ही मंडळी न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स भागातली. जोई गाणारा, जॉनी गिटारवर, डी डी बेसवर आणि टॉमी ड्रमवर. चौघांचे आडनाव रामोन; पण कुणी कुणाचा भाऊ नव्हे! पॉल मॅकार्टनीने उमेदवारीच्या काळात घेतलेल्या एका टोपणनावावरून ते उचललेले. १९७६ साली त्यांची पहिली तबकडी अवघ्या ६,४०० डॉलरांत तयार झाली. लांबी एकोणतीस मिनिटे. स्वदेशात तिला गिऱ्हाईक बेताचेच मिळाले.

परमुलखात मात्र निराळेच घडले. ४ जुलै १९७६ रोजी, म्हणजे अमेरिकेने इंग्लंडचे जोखड झुगारल्याच्या घोषणेला दोनशे वर्षे पूर्ण झाली नेमक्या त्याच दिवशी, ते लंडनच्या राउंडहाउसमध्ये उभे राहिले. इथे बखरकार सरसावतो. त्या रात्री इंग्लंडचे झाडून सारे भावी पंक वीर तिथे हजर होते, असे तो सांगतो. तारखा जुळवून पाहिल्या तर ‘सेक्स पिस्टल्स’ आणि ‘क्लॅश’ हे दोन्ही संच त्याच रात्री दूर शेफील्डला वाजवीत होते! दुसऱ्या दिवशी डिंगवॉल्समध्ये रामोन्सचा पुन्हा कार्यक्रम झाला, तेव्हा ती मंडळी लंडनला परतली होती. एका दिवसाचाच फरक. पण बखरीला तेवढा पुरतो.

म्हणूनच मला रेनबोच्या ध्वनिमुद्रणाचे मोल वाटते. अठ्ठावीस गाणी आणि वेळ सुमारे चोपन्न मिनिटे. दर गाण्याला दोन मिनिटेही येत नाहीत. एक गाणे संपते न संपते तोच डी डी ‘वन-टू-थ्री-फोर’ असे ओरडतो आणि दुसरे सुरू होते. सूर लावणे नाही, श्रोत्यांशी गप्पा जवळजवळ नाहीत. जॉनीचा हात तारांवर फक्त वरून खाली पडतो. वर येताना तार छेडायची नाही, हा त्याचा नेम. त्या वेगाने तासभर हे करणे म्हणजे मुसळाने कांडण्यासारखे काम आहे. ‘यांना वाजवता येत नाही’ हा त्या काळचा ठरीव आक्षेप. तो घेणाऱ्यांनी मनगटाच्या या मेहनतीकडे पाहिलेच नसावे. मीही दुसऱ्यांदा ऐकायला बसलो तेव्हाच ती मला कळली.

टॉमीविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याचे जन्मनाव तामाश एर्देयी, जन्म बुडापेस्टचा, १९४९ चा. त्याचे ज्यू आईबाप नाझींच्या संहारातून शेजाऱ्यांनी लपवून ठेवल्यामुळे वाचले होते. या ध्वनिमुद्रणाच्या निर्मितीतही एड स्टेझियमबरोबर त्याचा हात होता. पण एप्रिल १९७९ मध्ये ती जोड-तबकडी इंग्लंडात बाहेर पडली, तेव्हा त्याने ड्रमवरची जागा सोडली होती. तबकडीचे नाव एका भयपटावरून घेतलेले, ‘इट्स अलाइव्ह’, म्हणजे ‘ते जिवंत आहे’. अमेरिकेत ती निघायला १९९५ साल उजाडले. आपल्याच माणसांचा पुरावा परक्यांच्या दप्तरात पडून राहावा, हे आम्हा इतिहासवाल्यांना नवे नाही.

उलट दिशेचा प्रवास आणखी वाईट झाला. रेनबोच्या त्या रात्रीनंतर दोनच आठवड्यांनी, १४ जानेवारी १९७८ ला, इंग्लंडचे सेक्स पिस्टल्स आपल्या अमेरिकन दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोला वाजवले आणि तिथेच तो संच मोडला. रामोन्स मात्र १९९६ पर्यंत गावोगाव हिंडत राहिले. कार्यक्रमांची संख्या दोन हजारांवर गेली. पुढे जोई २००१ मध्ये, डी डी २००२ मध्ये, जॉनी २००४ मध्ये आणि टॉमी २०१४ मध्ये गेला. रेनबो १९८१ मध्येच बंद पडले. पुढे त्या वास्तूत एका ख्रिस्ती पंथाची प्रार्थना होऊ लागली.

त्या दौऱ्यात चार कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले होते. त्यांतला हाच का निवडला, याचे कारण असे सांगतात की, कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांनी दहा रांगांच्या खुर्च्या उखडून मंचावर फेकल्या. म्हणजे या अस्सल कागदाच्या निवडीमागेही एक बखर आहेच! मी चारही बाजू कान देऊन ऐकल्या. टाळ्या आहेत, आरोळ्या आहेत. खुर्ची मोडल्याचा आवाज मला कुठेही ऐकू आला नाही.