‘तुरुंग’ या रूपकाची उलटी वाट

संगणकशास्त्रात रूपके सहसा वस्तूच्या मागून येतात. येथे मात्र रूपक आधी आले आणि त्याला साजेशी वस्तू पुढे घडवावी लागली.

१९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ आले. त्याचे काम एवढेच, की चालू प्रोग्रामला एखादी डिरेक्टरी हेच साऱ्या फाइलवृक्षाचे मूळ आहे असे भासवावे. १९९१ मध्ये बिल चेसविक यांनी एका घुसखोराला अशाच बंदिस्त जागेत खेळवत ठेवून त्याच्यावर पाळत ठेवली. ‘जेल’ या शब्दाच्या आरंभीच्या वापरांत त्यांचे लेखन मोडते. पुढे बाइंडसारख्या सर्व्हर-प्रोग्रामना या कोठडीत बसवण्याची रीत पडली. प्रोग्राम फुटला तरी नुकसान तेवढ्यापुरते राहावे, हा हेतू.

शब्दाने भरवसा दिला, भिंतीने नाही. वाड्यात भिंत घातली तरी आड सामाईकच राहावा, तशी ही वाटणी होती. फाइली वेगळ्या, प्रक्रिया व नेटवर्क एकच. शिवाय सीएचरूट मूळ बदलते, पण प्रोग्राम उभा असलेली डिरेक्टरी बदलत नाही. रूटचे अधिकार असलेला प्रोग्राम याच फटीतून बाहेर पडे. (कैद्याच्या हाती किल्ली ठेवणाऱ्या जागेला तुरुंग म्हणणे आम्हांस धाडसाचे वाटते.)

२००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये पॉल-हेनिंग काम्प यांचे ‘जेल’ आले. त्यात आतल्या रूटचेच अधिकार छाटले गेले, प्रक्रिया वेगळ्या दिसू लागल्या, आयपी पत्ता नेमून दिला गेला. २००५ च्या सोलारिस १० ने ‘कंटेनर’ हा शब्द पुढे आणला, २०१३ च्या डॉकरने तो घरोघरी नेला, आणि कैद्याच्या जागी माल आला.