नाव उरले, गाव हलले

हा लाँग उपसागर आपल्याला ओळखीचा वाटतो तो फोटोंमुळे. व्हिएतनामच्या उत्तरेला, हिरव्या पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या पर्यटकांच्या बोटी. लहानमोठी मिळून सोळाशेच्या वर बेटे. १९९४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. दोन दिवसांच्या त्या सफरीत मी मात्र डोंगरांपेक्षा नावेच जास्त गोळा केली.

चुनखडी म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे शिंपले नि सांगाडे, थरावर थर. पाऊस त्यांना झिजवत राहिला. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढला, दऱ्या बुडाल्या, शिखरे तेवढी वर राहिली. आपण बायका पाणी गाळताना ज्या बारीक जीवांची काळजी करतो, तसल्याच जीवांचे हे डोंगर, असे मनात येऊन गेले.

आता नावे. दाउ गो म्हणजे लाकडी खुंटांची गुहा. १२८८ साली कुब्लाई खानाचे आरमार चालून आले, तेव्हा सेनापती चान हुंग दाओने जवळच्या बाख दांग नदीच्या तळाशी टोकदार खुंट रोवले. भरतीत शत्रूची जहाजे आत ओढली. ओहोटी लागली नि ती खुंटांवर अडकली. ते खुंट आधी या गुहेत ठेवले होते, अशी लोकांची समजूत. दुसरी सुंग सोत, आश्चर्याची गुहा. हे नाव फ्रेंचांच्या राजवटीतले. तिसरे ती तोप बेट. १९६२ साली हो ची मिन्ह सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव्हला घेऊन इथे आले आणि पाहुण्याचे नाव बेटाला दिले.

सेनापती, साहेब आणि पाहुणा. नावाचे मोल आम्हा बेळगावकरांना कोणी शिकवायला नको! पण पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर राहिले ते कोळी. कुआ वान, वुंग वियेंग ही त्यांची गावे. तराफ्यांवर घरे, बाजूला जाळ्यांत पाळलेले मासे, मुलांची शाळासुद्धा तरंगती. २०१४ साली सरकारने तीनशेहून अधिक कुटुंबे किनाऱ्यावर नेऊन वसवली. कारणे खोटी नव्हती. वादळांची भीती, मुलांचे शिक्षण, पाण्यात साचणारी घाण. किनाऱ्यावर पक्की भिंत मिळाली, पण पोट भरायचे ते पाणी दूर गेले.

मासेमारी माझ्या धर्मात बसत नाही, हे खरे. पण कुणाचे बिऱ्हाड हलते तेव्हा आधी त्याचा धंदा विचारायचा नसतो.

वुंग वियेंगला आम्हाला बांबूच्या होडीतून फिरवणारी बाई माझ्याच वयाची असेल. गाइडकरवी विचारले, बाई, तुमचे घर कुठे होते? वल्हे न थांबवता तिने हनुवटीने समोर दाखवले. तिथे नुसते पाणी होते. आता ती किनाऱ्यावरून कामाला येते, काम संपले की परत जाते. स्वतःच्याच गावात ती पाहुण्यांना फिरवते, आणि आम्ही त्याला ‘कोळ्यांचे गाव पाहिले’ म्हणतो.

सासरी गेलेल्या मुलीला आपण समजावतो, अगं, माहेर आहे ना तिथेच. इथल्या बायकांचे सासर-माहेर दोन्ही या पाण्यावरच होते, दोन्ही एकदमच उठले. सेनापतीचे खुंट गुहेच्या नावात टिकले. या घरांचा मागमूस पाण्यावर कुठून राहणार? तो आहे तो वल्हे मारणाऱ्या बायकांच्या आठवणीत, आणि त्यांच्या मुली तर जमिनीवर वाढताहेत.

तुमच्यापैकी कुणी त्या सहलीला निघालाच, तर गुहांची नावे गाइड सांगेलच, पाठ असतात त्याला. होडीवाल्या बाईला तिच्या गावाचे नाव तेवढे तुम्ही विचारा.